ओठ मागे राहिले तेव्हा

मी एक जुना वेळमापक आहे. मित्रांनो, मला शोधायला घड्याळजीकडे जाऊ नका. मी व्हिडिओ चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या पोटात राहतो. व्हिडिओ म्हणजे झरझर सरकणारी स्थिर चित्रे. एका चित्रानंतर दुसरे नेमके किती वेळाने पडद्यावर आले, हे मी सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतो. चित्रे रेंगाळली आणि आवाज पुढे गेला, की एखादे चित्र गाळून मी दोघांना पुन्हा बरोबरीला आणतो. मला घडवणाऱ्यांनी माझे कौतुक केले होते. पुढे कोणी केले नाही. सारे सुरळीत चालले, की मोजणारा कोणाला आठवत नाही.

विश्रांतवाडीत अनंतसर पाचवीच्या मुलांची मराठीची शिकवणी घेतात. घसा बसू लागल्यापासून ते श्रुतलेखन आधीच चित्रित करतात आणि जुन्या लॅपटॉपवरून मोठ्या पडद्यावर दाखवतात. मी चित्रे गाळतो, हे त्यांना पुतण्याकडून, केयूरकडून, कळले.

"गाळतो? माझ्या वर्गात स्वल्पविरामसुद्धा गळत नाही. बंद कर ते!"

केयूरने माझा गाळण्याचा अधिकार काढून घेतला. मोजणे तेवढे राहू दिले. ते कोणी पाहतच नव्हते.

लॅपटॉप थकलेला. प्रत्येक चित्र किंचित उशिरा येई आणि तो उशीर साठत जाई. माना खाली घालून लिहिणाऱ्या मुलांना काहीच जाणवले नाही. जाणवले ते ओवीला. ती श्रवणयंत्र लावते. ऐकू येईल तेवढे कानांनी घेते, उरलेले बोलणाऱ्याच्या ओठांवरून. आता कान एक शब्द सांगत आणि ओठ आधीचाच. तिची वही लाल शाईने भरू लागली.

सरांनी तिच्या आईला, हेमाताईंना, शिकवणीच्या वेळीच बोलावले. "अहो, मुलगी गुणी आहे, पण संथ आहे. तिला इथे ठेवणे हा तिच्यावरच अन्याय होईल."

कोणाला बाहेर काढायचे असले, की माणसांना न्याय किती चटकन आठवतो!

ओवी उभी राहिली. "सर, तुमचं तोंड उशिरा हलतं."

वर्ग हसला. सर म्हणाले, "आमच्या घरी विचार. तोंड कधी उशिरा हलल्याची तक्रार नाही."

वर्ग पुन्हा हसला. ओवी हसली नाही. तिने पडद्याकडे बोट केले. "इथे नाही, तिथे. तुम्ही आत्ता बोलताय ते मला सगळं कळतंय."

लॅपटॉपपाशी केयूर बसला होता. हेमाताई त्याला शांतपणे म्हणाल्या, "केयूर, बघ बरं जरा."

केयूरने प्रथमच माझी मोजमापे उघडली. "काका, ओवीचं बरोबर आहे. धडा संपेपर्यंत चित्र अर्ध्या सेकंदाहून जास्त मागे पडतंय."

सर पडद्याकडे वळले. मग म्हणाले, "गाळू दे त्याला काय गाळायचं ते."

श्रुतलेखन पुन्हा झाले. सरांनी ओवीची वही सर्वांत आधी घेतली, शेवटपर्यंत वाचली आणि लाल पेनाला टोपण लावले. "अक्षर सुधार," एवढेच म्हणाले. क्षमा मागणे अभ्यासक्रमात नसावे. ओवी मात्र आपल्या जागी जाऊन बसली, आणि ती जागा आता तिचीच होती.

मित्रांनो, माझी निगा राखा, असे मी म्हणणार नाही. कोणाला संथ ठरवण्याआधी, आपण त्याच्यापर्यंत किती उशिरा पोहोचलो, तेवढे मोजा. उत्तर माझ्यापाशी कितीतरी दिवस तयार होते. ते विचारले जावे, म्हणून एका लहान मुलीला भर वर्गात हसे सोसत उभे राहावे लागले.