अर्ध्या लग्नाचा धवला

बायजाबाईला तीन मुलं झाली, दोन नातवंडं झाली, पण वळ गावच्या बायकांच्या लेखी तिचं लग्न काही पुरतं झालेलं नव्हतं. आता याला काय म्हणावं! तिची थोरली बहीण सीताबाई ही वडपे गावची धवलारीण, म्हणजे आगऱ्यांच्या लग्नात धवले गाऊन विधी करणारी बाई. बापाने ठरवलेलं स्थळ सोडून बायजा काळूरामबरोबर पळाली, तेव्हा ही थोरली कडाडली होती, "तुज्या लग्नात माजा धवला न्हाय." देवळात हार घातले आणि संसार सुरू झाला, पण धवल्यावाचूनचं लग्न ते अर्धंच. सत्तावीस वर्षं कुणाच्याही मांडवात हळद लावायला सवाष्णींना हाका पडल्या, की बायजाबाई मुकाट्याने मागे जाऊन पाण्याच्या पिंपाशी पेले विसळत उभी राहायची. बाकी तिला काही कमी नव्हतं. ती हळद मात्र हवी होती.

अठ्ठ्याऐंशी साली एक दिवस धामणकर नाक्यावर ती भाजी विकत बसली असताना सुधीर आला. त्याची आई तिची रोजची गिऱ्हाईक. पोरगा मुंबईला एका संगीतकाराचा असिस्टंट होता. हिंदी पिक्चरमध्ये लग्नाचं मोठं गाणं होतं आणि त्याच्या सुरुवातीला साहेबांना खरीखुरी धवलारीण हवी होती. स्टुडिओतल्या बायकांचे आवाज म्हणे फार धुतलेले.

"तुमच्या ओळखीत आहे का कुणी, बायजाबाई?"

बायजाबाईने मेथीची जुडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. बहिणीला ती पुरती ओळखून होती. नवरा-नवरी समोर बसल्याबिगर आका तोंड उघडायची नाही. आणि असे नवरा-नवरी आणायचे कुठून? हे सगळं तिच्या डोक्यात घडाघडा जुळलं. सुधीरला तिने त्यातलं अर्धंच सांगितलं. "हाय ना. माजीच बहीन हाय. चला, मी येते संगती."

वडप्याला सीताबाईने पाहुण्याला चहा दिला, धाकटीकडे एकदा निरखून पाहिलं आणि पडवीत ठाण मांडलं. "गाते. पन मांडव पायजे, हलद पायजे, नवरा-नवरी पायजे. कोऱ्या जागेत धवला गायचा नसतो."

"मग कुणीतरी दोघं बसवू की," सुधीर म्हणाला.

"बसव. कुवारी पोर बसवलीस तर तिचं लगीन लागलं म्हनून समज. हाय कुनी बाप तयार?"

"मग लग्न झालेलं जोडपं?"

"एकदा धवला गायला त्यांच्यावर परत गायचा? अशुभ बोलू नको."

सुधीरचा चेहरा उतरला. टेप नेली नाही तर साहेब त्याला कामावरून काढणार होते. तेव्हा बायजाबाईने पदर सावरला आणि अगदी गरीब चेहरा करून म्हटलं, "लगीन झालेलं, पन धवला न गायलेलं, असं जोडपं चालंल का गो, आका?"

सीताबाई पानाला चुना लावत राहिली. मग म्हणाली, "चालंल."

काळूराम मात्र उसळला. "पन्नाशी उलटली, आता बाशिंग बांधू? नातू हसंल मना."

"पलताना न्हाय लाजलात, आता बसताना लाजता?" बायजाबाईने त्याला गप्प केलं.

शुक्रवारी गावातले लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद असतात, त्यांचा खडखडाट नसतो, म्हणून तो दिवस धरला. वळ गावात काळूरामच्या अंगणात मांडव घातला. सुधीरने मोठा टेपरेकॉर्डर मांडला, कोंबड्या डालल्या, आणि खोकणाऱ्या म्हाताऱ्यांना गावाबाहेर पिटाळलं. नातवंडं आजीची नवरी झालेली बघून तोंडात बोळे कोंबून हसत होती. सीताबाईने सूर लावला आणि अंगण चिडीचूप झालं. सुधीर खुशीत माना डोलवत होता. अन् नवरीच्या नावाची ओळ आली. सत्तावीस वर्षं ज्या तोंडून ऐकायचं राहिलं होतं त्या तोंडून "बायजा" ऐकलं, आणि बाईने असा मोठ्याने गळा काढला की टेपरेकॉर्डरच्या सुया थरथरल्या.

"कट! पुन्हा एकदा," सुधीर ओरडला.

सीताबाई शांतपणे उठली. "पुन्हा कसं? लगीन लागलं. जेवायला बसा."

महिन्याभराने सुधीर नाक्यावर आला तो ओशाळूनच. "रागावू नका, बायजाबाई. तुमच्या रडण्याने टेप वाया गेली. पण माझी नोकरी वाचली. साहेबांनी रेडिओवरच्या मित्राकडून जुनी टेप मिळवली, आता तीच गाण्यात घातलीय. ऐकतो तर काय, आवाज सीताबाईंचाच! दोन वर्षांपूर्वी रेडिओवर गाऊन आल्यात त्या."

"आनि नवरा-नवरी कोन बसलावता?"

"कुणी नाही हो. कोऱ्या खोलीत माईकसमोर एकट्या गायल्या."

बायजाबाईच्या हातातला तराजू तसाच राहिला. महिनाभर ती बहिणीला गुंडाळल्याच्या आनंदात होती. गिऱ्हाईक वांग्यांसाठी ओरडायला लागलं तरी तिला ऐकू येईना. रागवावं की रडावं, हेच तिला कळेना.

पुढच्या आठवड्यात वळ गावात हंगामातलं पहिलं लग्न होतं. सवाष्णींना हाका पडल्या आणि सवयीने बायजाबाई पिंपाकडे वळली. धवला गाता गाता सीताबाई थांबली.

"बायजे, तिकडं कुठं चाललीस? आदी तू लाव."

बायका सरकल्या, वाट झाली. वाटीत बोटं बुडवताना बायजाबाई हळूच बहिणीच्या कानाशी लागली. "आका, रेडिओला नवरी कोन व्हती गो?"

सीताबाईने तिच्या पाठीत एक धपाटा घातला. "सत्तावीस वर्सं लागली तुला माज्या पडवीत पाय ठेवायला," ती म्हणाली. "आता हलद लाव, पोर कवाची गारठलीय."

बायजाबाईने नवरीच्या गालाला हळद लावली. सीताबाईला मात्र पुढची ओळ बराच वेळ उचलता आली नाही, ती बायकांनीच पुरी केली.