गजभियेबाईंच्या प्रचाराची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. शाळेत हातात धरायची नव्हे, निवडणुकीत अंगणात रोवायची. अठ्ठ्याऐंशी सालच्या एप्रिलमध्ये मी न्यू जर्सीत, आयसेलिनजवळच्या एका गावात उभी होते. आता गराजच्या भिंतीला टेकून असते.

शैलेंद्र गजभियेने मला प्लायवूडमधून कापलं, पांढरा रंग दिला. त्याच्या बायकोने, प्रतिमाने, निळ्या अक्षरांत लिहिलं, 'गजभिये, स्कूल बोर्ड'.

"हे आडनाव अमेरिकन माणूस वाचणार कसं?" शैलेंद्र हसला.

"नाही आलं तर विचारतील. विचारलं की मी बोलेन," ती म्हणाली. अशी ती खमकी.

ती आतून पेटलेली होती. तिची लेक संघमित्रा पहिलीत होती. घरी मराठीत अखंड बडबडणारी ही मुलगी शाळेत गप्प बसायची, म्हणून तिला मंदबुद्धी मुलांच्या वर्गात टाकलं होतं. तो वर्ग तळघरात, बॉयलरच्या शेजारी. प्रतिमाचे वडील नागपूरकडच्या खेड्यात वर्गाबाहेर पायरीवर बसून शिकलेले. "बाबा पायरीवर आणि माझी पोरगी तळघरात? एवढा समुद्र ओलांडून हेच?" ती म्हणायची. शाळेत तक्रारी करून पाहिल्या, कुणी दाद दिली नाही. म्हणून ती गावच्या शाळांचा कारभार पाहणाऱ्या बोर्डाच्या जागेसाठी उभी राहिली.

सुरुवातीला माझे काय लाड झाले! मराठी मंडळाच्या कार्यक्रमात लोकांनी माझ्याबरोबर फोटो काढले. मंडळातल्या नरेंद्रकाकांचं घर मोक्याच्या कोपऱ्यावर होतं. त्यांनी मला आपल्या लॉनवर स्वतःच्या हाताने रोवलं. मी चांगलीच फुशारले.

प्रतिमा कामावरची ड्यूटी संपली की शैलेंद्रला घेऊन दारोदार फिरायची. आता बघा, आपल्यात निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो आम्ही' म्हणतात. एका संध्याकाळी माझ्यासमोरच्याच घरी दमलेल्या प्रतिमाच्या तोंडून तेच इंग्रजीत निघालं. हात जोडून, हसत ती म्हणाली, "ओके, वी आर कमिंग." दारातल्या म्हातारीचा चेहरा पडला आणि दार बंद झालं.

पुढच्या आठवड्यात घरोघरी पत्रक आलं. 'त्या बाई स्वतःच सांगतात, आम्ही येतोय. अजून किती जण येणार?' आधीच हवा वाईट होती. कुंकू लावलेल्या बायकांना रस्त्यात शिव्या ऐकाव्या लागत. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या अंगावर काळ्या रंगात 'गो होम' लिहिलेलं होतं.

नरेंद्रकाकांनी मला उपटलं आणि गाडीत घालून प्रतिमाच्या दारी नेलं.

"प्रतिमा, माइंड करू नकोस. कॉर्नरचं घर आहे, मुलं आहेत. हा साइनबोर्ड तुझ्याकडेच ठेव."

"व्होट तरी कराल ना, काका?"

"बघू गं," ते म्हणाले.

काळ्या रंगापेक्षा मला हे 'बघू' जास्त झोंबलं.

निवडणुकीत ती पडली. सपाटून पडली. दुसऱ्या दिवशी गराजमध्ये ती मला घासत बसली होती. रंग काही निघेना. संघमित्रा दारात येऊन उभी राहिली. एव्हाना घरीही ती इंग्रजीत बोलायला लागली होती.

"मम्मी, डिड वी विन? डू आय गो अपस्टेअर्स नाऊ?"

प्रतिमाचा हात थांबला. "नाही गं बाळा."

पोरीने आदळआपट केली नाही, रडली नाही. "इट्स ओके," ती म्हणाली, "आय ॲम स्लो एनीवे." आणि खेळायला निघून गेली.

निवडणूक हरल्यावरही न रडलेली प्रतिमा तेव्हा माझ्यावर कपाळ टेकवून हमसून हमसून रडली. मी लाकडाची. मला तिच्या पाठीवरून हातसुद्धा फिरवता आला नाही.

मित्रांनो, माझ्या अंगावरचा काळा रंग तसाच राहिला तरी चालेल. पण तुमच्या वर्गात एखादं मूल गप्प बसत असेल, तर त्याच्या शेजारी जाऊन बसा. आणि लवकर बसा. उशीर झाला की लोक म्हणतात ते त्याला खरं वाटायला लागतं.