दाराशेजारची सैल शीट

मल्हारच्या घराला जी शीट मारली, ते काम पहिल्या दिवसापासून दळभद्री. दुसरा शब्दच नाही त्याला. लांबून सागवान वाटावी अशी लाकडी रंगाची शीट, घराच्या अख्ख्या तोंडावर. मांडवगण फराट्यात माणसं येता-जाता थांबून बघायची आणि म्हणायची, मल्हारनं घराला कोट शिवला! शिवला खरा, पण एक बटण लावायचं राहून गेलं, आणि तेही नेमकं दाराच्या उजव्या हाताला. वारं सुटलं की तेवढी एक शीट भिंतीवर आपटायची. टक् टक्. मग जरा दम खाऊन पुन्हा एकदा, टक्.

आता वाऱ्यानं शीट वाजते यात जगावेगळं ते काय? गोठ्याचा पत्रा वाजतो, तेव्हा कोण दचकतं? पण ही मेली वाजायची तीही अशा उंचीवर, की दारात उभं राहिलेल्या बाईमाणसानं बोटांनी दार वाजवावं. आणि धनश्रीच्या जिवाला घोर लागला.

धनश्री मल्हारची दुसरी बायको, शीट मारून झाल्यावर घरात आलेली. माहेर दौंडचं. तिथं कापडाच्या दुकानात साड्या उलगडून दाखवता दाखवता तिशी उलटली, तेव्हा बापानं बिजवर पाहिला. माणूस चांगला होता, उगाच नावं कशाला ठेवा? पहिली बायको, सारिका, करोनात गेलेली. ती सासूच्या सख्ख्या भावाची पोर. पार्वतीबाईंनी भाचीच सून करून आणली होती. सासूला आत्याबाई तर धनश्रीही म्हणायची, पण सारिकेची ती खरोखरचीच आत्या. हा फरक घरात कुणी बोलून दाखवत नव्हतं, आणि धनश्रीला तो उठता-बसता टोचायचा.

लग्नाच्या दिवशी पार्वतीबाईंनी तिच्या गळ्यात चांदीचा टाक घातला. सवतीचा टाक, मेलेल्या पहिल्या बायकोच्या नावाचा. "ही थोरली हाय," त्या म्हणाल्या, "घास घेताना आधी तिला दावायचा. नवं लुगडं आधी तिच्या नावानं." रीतच आहे ती, बिजवराला दिलेल्या बाईनं पाळायची. धनश्रीनं मुकाट्यानं पाळली. मेलेल्या माणसाशी काय भांडायचं? पण वारं सुटून शीट वाजायला लागली आणि तो एवढासा टाक तिला गळ्यात धोंडा बांधल्यासारखा वाटायला लागला.

एके दिवशी दुपारी दोघी सोप्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. दार लोटलेलं. बाहेर वाजलं. टक् टक्.

"आले गं, आले," पार्वतीबाई म्हणाल्या.

गुडघ्यावर हात देऊन उठल्या, दार उघडलं, बाहेर बघितलं. अंगणात चिटपाखरू नाही. दार तसंच उघडं टाकून त्या परत आल्या आणि शेंगा फोडायला लागल्या. धनश्रीच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"कोन व्हतं, आत्याबाई?"

"कोन न्हाई."

"मग आले कुनाला म्हनालात?"

"तुला कशाला पायजे?" सासूनं मान वर केली नाही.

त्या दिवसापासून धनश्रीनं कान लावला. दर वेळी तेच. शीट वाजायची, म्हातारी 'आले गं' म्हणायची, दार उघडायची. भाकरी तव्यावर असो नाहीतर अंगात ताप असो. घरात सासू-सून दोघीच असायच्या, आणि हळूहळू धनश्रीला वाटायला लागलं, आपण दोघी नाही, तिघी आहोत. पाठमोरी भांडी घासताना तिची मान आपोआप दाराकडं वळायची.

तिनं मल्हारला सांगितलं. मल्हार आधी हसला. मग तिचा चेहरा बघून त्याचा पारा चढला, पण तो भुतावर नाही, पोपटरावावर. पोपटराव म्हणजे ते काम घेतलेला वरवंडचा कंत्राटदार. मल्हारनं फोनवर फोन लावले. पोपटराव एक दिवस म्हणायचा उद्या येतो, एक दिवस म्हणायचा गाडी बिघडली, आणि एक दिवस चक्क म्हणाला, "कुठली शीट?" वेड पांघरून पेडगावला चालला होता लेकाचा, आणि पेडगाव त्याला काही लांब नव्हतं. शेवटी मल्हारनं धनश्रीला मोटरसायकलवर मागं बसवलं, भीमा ओलांडली आणि थेट वरवंडला त्याच्या दुकानात जाऊन उभा राहिला.

"काम हाय का थट्टा?" मल्हार दारातूनच गरजला. "भिताडावर शीट आपटती माझ्या!"

"मालक, बसा तरी. च्या घ्या."

"च्या गेला खड्ड्यात! स्क्रू मारलेत का थुकीनं चिकटिवलंय?"

पोपटरावही काही ऐकून घेणारा नव्हता. "वीस वर्सं झाली ह्या धंद्यात. हायवेच्या कडंनं बघा, हाटेलं, शोरूम, समदी मी नटवलीत. एक शीट हलली न्हाई. तुमचीच कशी हलती?"

"ते तू येऊन बघ की!"

"नदीकाठचं वारं हाय ते. आन् खरं सांगू का," पोपटरावानं आवाज खाली आणला, "त्या दाराजवळ काम करताना माझा फिटर कावराबावरा झालता. घाईघाईनं उरकून निघून आला. इचारलं तर बोलंना. शीटची ग्यारंटी मी देतो, मालक. घरात आनखी काय आसंल, त्येची न्हाई देत."

मल्हारनं त्याची गचांडीच धरायची, पण धनश्री मध्ये आली. तिची पाचावर धारण बसली होती. परत येताना पुलावर ती म्हणाली, "रविवारपर्यंत ती शीट गच्च झाली तर झाली. न्हाईतर मी दौंडला जाते. आन् गेले म्हंजी गेले, मागारी आनायला येऊ नका."

"आगं, शीटपायी संसार मोडती का?"

"शीट न्हाई ती. तुमाला ठावं हाय कोन हाय ते."

मल्हारनं गाडीचा वेग वाढवला.

शनिवारी दुपारी वारं पार पडलेलं होतं. झाडाचं पान हलत नव्हतं. ऊन असं की अंगणात डोळा ठरू नये. धनश्री बॅग भरत होती, कारण पोपटराव येईल यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. आणि वाजलं. टक्.

वारं नसताना!

उन्हानं शीट तापते, फुगते, हे तिला एरवी कुणी सांगितलं असतं तर पटलंही असतं. त्या घडीला नाही पटलं. पार्वतीबाई उठल्या तशी ती धावली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

"नका उघडू, आत्याबाई. पाया पडते तुमच्या."

"सर बाजूला."

"न्हाई."

"आगं, उन्हाची उभी हाय ती," म्हातारी म्हणाली. आवाजात राग नव्हता, उलट समजूत काढल्यासारखी बोलली. "चार दिसांत येते म्हनाली व्हती. आपल्या पायानं चालत जाऊन दवाखान्याच्या गाडीत बसली. आता दारात आली तर दार लावून घिऊ?"

तिनं सुनेला हळूच बाजूला केलं आणि कडी काढली. ऊन भसकन आत आलं. धनश्रीनं डोळे गच्च मिटून घेतले. उघडायचं धाडस तिला कितीतरी वेळ झालं नाही, आणि उघडले तेव्हा सासू उंबऱ्यात बसून रिकाम्या अंगणाकडं बघत होती.

रविवारी सकाळी, काय आश्चर्य, पोपटराव आला. बरोबर फिटर, महेंद्र नावाचा, सणसवाडीला खोली घेऊन राहणारा. पोपटरावानं शीटवर थाप मारली, ती डुगडुगली, तसं त्याचं तोंड उतरलं. महेंद्रनं एका कडेचे स्क्रू काढले. दुसऱ्या कडेला आला आणि थांबला.

"काढ की!" पोपटराव खेकसला.

"हितं मारलेच न्हाईत."

"मारलेच न्हाईत?" मल्हार उसळला. "आयकलं का पोपटराव? म्हनं वीस वर्सं!"

"नाक कापलंस माझं," पोपटराव महेंद्रवर धावला. "का न्हाई मारलेस?"

महेंद्र त्याच्याकडं बघतच नव्हता. तो उंबऱ्यात उभ्या असलेल्या पार्वतीबाईंकडं बघत होता. "सांगू का, आजी?"

म्हातारीनं पदर तोंडाला लावला. महेंद्रनं मग शीट अलगद ओढली, चौकटीच्या पट्ट्यांतून सोडवली आणि खाली ठेवली.

भिंतीवर कुंकवाचे दोन हात होते. पंजे पूर्ण उघडलेले, बोटं फाकलेली. नव्या घराची वास्तुशांत झाली तेव्हा घरच्या सुनेनं उमटवलेले, रीतीप्रमाणं. उजव्या हाताची करंगळी जराशी फराटलेली, उमटवताना कुणीतरी हसवलं असावं. आणि हात एवढेसे! आठवीतल्या पोरीचे वाटावेत.

"मी ड्रिल टेकवलं," महेंद्र म्हणाला, "आन् आजींनी मनगाट धरलं. म्हनाल्या, लेकरा, पोरीच्या हाताला भोक पाडू नगं. कुनाला सांगू नगं म्हनून शपथ घातली. मग माझा बी हात चालंना."

"आई!" मल्हार तिच्याकडं वळला. "इतके दिवस मी ह्या मानसाचा उद्धार करतोय, आन् तू गप बसलीस?"

"तू झाकलंस ते मला इचारून झाकलंस का रं?" पार्वतीबाईंनी पदर खाली घेतला. "पोरीची माती बी बघू दिली न्हाई कुनी मला. एवढं राह्यलं व्हतं, त्याला बी फळी मारलीस."

"हिच्यासाठी केलं, आई. नव्या मानसानं येता-जाता ह्ये बघायचं का? मला तरी बघवत व्हतं का?" मल्हारनं मनगटानं डोळे पुसले आणि पोपटरावाकडं वळला. "मार स्क्रू. गच्च मार. बायको चाललीया माझी ह्या आवाजापायी."

पोपटरावाची चूक नव्हती हे आता सिद्ध झालं होतं, त्यामुळं त्याची छाती चार बोटं फुगली होती. "फिटर नसंल मारत तर मी मारतो," तो म्हणाला. त्यानं ड्रिल घेतलं आणि शीटखालची पट्टी बसवायला टोक टेकवलं, ते नेमकं डाव्या तळहाताच्या मधोमध. मशीन घुर्रर्र झालं.

"थांबा!" धनश्री ओरडली.

इतकी मोठ्यानं, की पोपटरावाच्या हातून ड्रिल सुटायचंच बाकी राहिलं.

"काढा ते तिथनं. शीट बी न्या. हितं काय नगं."

"आगं, तूच तर म्हनत व्हतीस..." मल्हार म्हणाला.

"व्हय, म्हनत व्हते. मला वाटायचं कोन केवढी बाई उभी हाय बाहीर, माझ्या उरावर बसायला आलेली. ही पोर हाय हो! बघा तरी केवढंसं हात हायती." तिला रडू कोसळलं, आणि रागही आला, नवऱ्याचा, सासूचा, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा. "एवढ्याशा पोरीला भ्याले मी."

"घराचं तोंड फाटल्यावानी दिसंल, वैनी," पोपटराव पुटपुटला.

"दिसू द्या."

दुपारपर्यंत पोपटरावाची गाडी शीट घेऊन गेली. मल्हार उसाला पाणी द्यायला म्हणून निघून गेला. कुणाच्या नजरेला नजर द्यायची त्याची तयारी नव्हती. धनश्रीनं बॅगेतली लुगडी परत कपाटात लावली.

संध्याकाळी नदीकडून वारं सुटलं. गोठ्याचा पत्रा खडखडला. दाराशी काही वाजलं नाही. पीठ मळता मळता धनश्रीला कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास आला. मग तिचं लक्ष सासूकडं गेलं. पार्वतीबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, कान दाराकडं.

"वाजंना गं," त्या म्हणाल्या.

"शीट काढली न्हवं का, आत्याबाई."

"व्हय. काढली." त्यांनी पुन्हा दाराकडं बघितलं. "म्हंजी ती शीटच व्हती."

"व्हय."

"मला ठावं व्हतं. येडी न्हाई मी. पर वाजलं म्हंजी उठायला व्हायचं." त्यांनी सुनेकडं बघितलं. "आता न्हाई यायची ती, व्हय ना?"

धनश्रीला खोटं बोलता आलं असतं. कुणीही बोललं असतं, म्हातारीचं मन राखायला. पण तिला ते दोन हात आठवले, आणि खोटं तोंडातून निघेना. ती पिठाच्या हातानंच सासूजवळ जाऊन बसली.

"न्हाई यायची, आत्याबाई."

आणि पार्वतीबाईंनी हंबरडा फोडला. सारिका गेली तेव्हा करोना होता. माती परस्पर पुण्यात झाली, कुणी येऊ नये म्हणून दारावर फलक लागला, आणि या घरात गळ्यात पडून रडायला एक बाई आली नाही. म्हातारी तेव्हा रडलीच नव्हती. एकटीनं कसं रडायचं? आता ती सुनेच्या गळ्यात पडली आणि नाव घेऊन घेऊन रडायला लागली, सारिके माझे, सारिके माझे, आणि धनश्रीही तिच्या बरोबरीनं रडली, कधी न पाहिलेल्या सवतीसाठी, अगदी घरचं माणूस गेल्यासारखी.

आवाज ऐकून आळीतल्या बाया हातातलं टाकून धावत आल्या. दारात गर्दी झाली. धुरपदाकाकू पुढं झाल्या, घाबऱ्याघुबऱ्या.

"काय झालं गं? कोन गेलं?"

धनश्रीनं सासूला तसंच धरून ठेवलं आणि मान वर केली.

"आमची सारिका गेली, काकू," ती म्हणाली.

बाया क्षणभर एकमेकींकडं बघत राहिल्या. मग धुरपदाकाकूंनी पदर डोक्यावर घेतला, पायातल्या वहाणा काढल्या आणि आत येऊन पार्वतीबाईंच्या शेजारी रडायला बसल्या. बाकीच्याही एकेक करून आत आल्या.