पुठ्ठ्यावरचा आरसा

मित्रांनो, मी एक जुनं पुस्तक आहे आणि माझ्या पुठ्ठ्यावर चक्क आरसा आहे! हसू नका, तो मला मानानं मिळालाय.

माझा जन्म पुण्याच्या छापखान्यातला. माझ्या पोटात एकच साल आहे, युरोपातल्या साहित्याचं १७५१. त्या साली पॅरिसमध्ये एका थोरल्या ज्ञानकोशाचा पहिला खंड निघाला. कोश करणाऱ्यांनी चक्क कारागिरांची दुकानं गाठली आणि काम कसं करता ते विचारून लिहून घेतलं. केवढी नवलाई! पण गोरेगाव नावाच्या खेड्यातल्या वाचनालयात वीस वर्षं मला वाळवीशिवाय कुणी हात लावला नाही. शेवटी पाठ उसवली आणि ग्रंथपाल अनिरुद्धकाकांनी मला रद्दीच्या यादीत टाकलं. शनिवारी गठ्ठा जाणार होता.

ते १९९८ साल होतं. गुरुवारी बंजारा तांड्यावरची नववीतली दिपा आली आणि रद्दीच्या गठ्ठ्यातून तिनं मलाच उचललं. "शनिवारी सकाळी परत आण हं," काकांनी बजावलं. पोरीनं एका बैठकीत माझा फडशा पाडला आणि धावत आजीकडे गेली. आजी, जमनाबाई, कांचळीवर, म्हणजे बंजारा बायकांच्या चोळीवर, आरसे बसवत होत्या.

"आजी, टाका कसा घालतीस ते सांग. मी लिहून घेते."

"काहून? टाका हातात राहतो, कागदात न्हाई."

"पॅरिसात कारागिरालाबी विचारलं व्हतं!"

जमनाबाई खूश झाल्या. त्या सांगत गेल्या, दिपा वहीत उतरवत गेली. मी आनंदानं फुललो!

दुसऱ्या दिवशी दिपा शाळेत गेली आणि जमनाबाईंची नजर माझ्या पाठीवर पडली. उसवलेलं दिसलं की त्यांचा हात थांबत नाही. जाड सुईनं त्यांनी मला शिवलं. आई गं! वर पुठ्ठ्याच्या कापडावर लाल दोऱ्यानं आरसाही बसवला.

शनिवारी रद्दीवाला दारात उभा. दिपा रडकुंडीला आली होती.

"काका, आजीनं केलं. तिला ठावं नव्हतं, पुस्तक वाचनालयाचं हाय."

काकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी मला उलटं धरून झटकलं. एक पान सुटलं नाही!

"उसवलं म्हणून बाद केलं होतं," काका म्हणाले. "आता कशासाठी बाद करू?"

त्यांनी यादीतलं माझं नाव खोडलं आणि नोंदवहीत लिहिलं, 'बांधणी: जमनाबाई'.

मित्रांनो, माझ्या पानापानांत कारागिरांची कामं आहेत, नाव मात्र एकाचंही नाही. म्हणून सांगतो, पुस्तक उसवलं तर फेकू नका, शिवून घ्या. आणि शिवणाऱ्याचं नाव विचारा.