अर्धं होईपर्यंत उकळलेलं पाणी

आमची सोनिका नागपूरच्या सरकारी प्रयोगशाळेत उन्हाळी इंटर्नशिपले लागली, तवा मी कंपनीत पेढे वाटले. कळमेश्वरच्या एमआयडीसीतल्या फिटरची बहीण सायंटिस्ट होऊन राहिली, मजाक हाय का! सक्करदऱ्याले यमुआत्याकडं राहायची अन् दिवसभर पाणी तपासायची.

हात बसावा म्हणून प्रयोगशाळेतल्या साहेबानं पोरांले आपापल्या घरचं पाणी आणाले लावलं. सोनिकानं आमच्या विहिरीचं नेलं. माय हसली, "विहिरीची परीक्षा घेतं काय वं? तुहा आजा याच पाण्यावर पोसला."

विहीर नापास झाली. पाण्यात नायट्रेट निघालं, शेतातलं खत झिरपून उतरते ते. मोठ्या माणसाले पचते, पण तान्ह्या लेकराचं रक्त त्यानं गुदमरते, लेकरू निळं पडते. अन् आमच्या घरात तान्हं होतं ना! माह्या बायकोले, मिनलले, बाळंतपणात ताप चढला, दूध आटलं, म्हणून पोरगी डब्याच्या दुधावर होती. ते याच पाण्यात कालवत होतो आम्ही.

सोनिका धावत साहेबाकडं गेली. तो म्हणे, "ट्रेनीचं रीडिंग म्हणजे रीडिंग नसतं. मी दौऱ्यावरून आलो की बघू. तोवर बाहेर एक शब्द गेला, तर सर्टिफिकेट विसर." वा रे साहेब! अन् गेला दौऱ्यावर. सोनिका भेली. फोनवर मायले एवढंच बोलली, "बाळाचं पाणी जरा जपून वापर."

माह्या मायले जपणं कोणी शिकवाले नको. आधी ती एक उकळी आणायची. आता पाणी आटून अर्धं होईपर्यंत चुलीपुढून हलेना. घामानं लुगडं भिजायचं, तरी दुसऱ्या कोणाले हात लावू द्यायची नाही. मंग गाळून, थंड करून, नातीले पाजायची.

पोरीचे ओठ जांभळे झाले, तर आम्ही दृष्ट काढली. श्वास लागला तवा गाडी करून नागपूरले पळालो. डॉक्टरनं पयले पाण्याचंच विचारलं. पण उशीर झाला होता. माही पोरगी गेली.

सोनिका रडत आली अन् मले गोठ्यामागं घेऊन गेली. "दादा, उकळल्यानं ते जात नाही. पाणी आटते, ते तेवढंच राहते. उलटं कडक होते." मले तिच्या कानाखाली एक द्यावी वाटली, अन् साहेबाच्या दोन. पण म्हटलं, "मायले सांगशील तर याद राख." मायले आम्ही पोरीच्या रक्तातच दोष होता म्हणून सांगितलं.

मंग एका सकाळी शेजारची काजल आली, माहेरी बाळंत झालेली. तिचंही लेकरू वरच्या दुधावर, अन् पाणी आमच्याच विहिरीचं. माय तिले समजावून राहिली होती, "पाणी अर्धं होऊ दे वं बाई. माह्या नशिबात नव्हती नात, तू तरी तुह्या लेकराले जप."

सोनिकानं माह्याकडं पाहिलं. मी खाली पाहत राहिलो.

"काजल, नको देऊ ते पाणी," सोनिका म्हणाली. "उकळून तर अजिबातच नको. जेवढं आटते तेवढं जहर वाढते." अन् सारंच सांगून टाकलं तिनं, फोनवर जे गिळलं होतं ते बी.

काजल लेकराले छातीशी धरून उठून गेली. माय सोनिकाले सोडून माह्याकडं वळली.

"म्हणजे मीच पाजलं ना गा, जितू?"