तेवीस किलो

“करुणा सिस्टर परत आफ्रिकेला चालली म्हणं, आन् रतनबाईला दौंडला…”

गल्लीतल्या साखरबाईचं बोलणं इथवर आलं आणि रस्त्यावर शिरूरच्या जीपनं हॉर्न दिला. पिशवी सावरत ती पळाली. अर्धी गोष्ट आमच्या पडवीत तशीच राहिली.

मी ती ऐकली, कारण मी पडवीतच असतो, खिळ्याला. मी गिताबाईंचा जुना काटा बोलतोय. हुकाचा, स्प्रिंगचा, पन्नास किलोचा. शाळेच्या पुस्तकात मला ताणकाटा म्हणतात, पण तळेगाव ढमढेरेच्या बाजारात तशी हाक मारलीत तर कुणी वळून बघणार नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. आठवतं ते शिरूरचं दुकान. गिताबाईंचे मालक हौशीराम यांनी मला तिथून आणलं, तेव्हा त्यांच्या वांग्यांचा पहिला तोडा निघाला होता. पुढं वीस वर्षं दर बाजाराला मी तीन बांबूंच्या तिकाटण्याला लटकलो. वांगी, गवार, दोडके, कांदे. लटकणाऱ्याला सगळ्यांचं ऐकू येतं. कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाचं जमत आलेलं मोडलं, सगळं माझ्यासमोर. चौकसपणा मला तिथंच लागला, आणि थोडा गिताबाईंकडून.

मग बटणांचा काटा आला. वजनमापवाल्यांच्या शिक्क्यासाठी मला न्यायचं बंद झालं. सात वर्षं माझ्या हुकाला काही लागलेलं नव्हतं. चिमण्या तेवढ्या बसायच्या, पण त्यांनी सुई हलत नाही.

तर ती अर्धी गोष्ट. गिताबाईंना अर्धं काही चालत नाही. त्यांनी ती स्वतःच पुरी केली, “…दौंडला आश्रमात टाकून चालली!” दिवेलागणीपर्यंत गल्लीभर झालं.

रतनबाई आणि त्यांची लेक करुणा आमच्या शेजारी. गल्लीत ख्रिस्ती घर हे एकच. करुणा नर्स. मलावी नावाच्या देशात मिशनच्या दवाखान्यात ती नऊ वर्षं होती. इकडं वडील गेले, पाठोपाठ आईचं खुब्याचं हाड मोडलं, म्हणून महिन्याच्या रजेवर आली. त्याला चार वर्षं झाली.

दुसऱ्या दिवशी तीच आमच्या पायरीशी उभी.

“गिताताई, तुमचा जुना काटा आहे ना? बॅग मोजायची होती. विमानात तेवीस किलोच चालतं.”

“म्हंजी खरंच चाललीस व्हय? आन् आईला आश्रमात?”

“आश्रम? कोण म्हणालं? दौंडला भिमामामाकडं राहील ती. तेसुद्धा ती हो म्हणाली तरच. तीन आठवडे झाले, हो म्हणत नाही आणि नाही पण म्हणत नाही. ती नको म्हणाली तर मी नाही जाणार, ताई.”

“आगं, मग कशाला जिवाला घोर? बोलावलंय कुणी?”

“देवानं. आम्ही त्याला पाचारण म्हणतो.”

“फोन आला का काय त्याचा?”

करुणा हसली. “फोन असता तर कट केला असता. चार वर्षं तेच करतेय. पण प्रार्थनेला डोळे मिटले की तिकडचा वॉर्डच दिसतो. कुठल्या खाटेवर कोण असेल आता, हेच मनात येतं.”

तिनं मला खिळ्यावरून काढलं आणि ओढणीनं माझी धूळ पुसली. “तिकडं अस्साच काटा आहे आमच्याकडं. आंब्याच्या झाडाला टांगलेला. झोळीत घालून बाळं मोजतो.”

समुद्रापलीकडं मला एक भाऊ आहे, हे मला तेव्हा कळलं. त्याच्या हुकाला बाळं, माझ्या हुकाला चिमण्या. त्या दिवशी मला फार एकटं वाटलं.

पडवीतल्या लोखंडी अँगलला मला टांगलं. “सात वर्षं निजलाय ह्यो, खरं बोलंल का?” म्हणत गिताबाईंनी आधी आट्याचा पाच किलोचा पुडा लावून बघितला. मी बरोबर पाच दाखवले. मग हौशीरामांनी आणि करुणानं मिळून बॅग चढवली. रतनबाई वॉकर टेकत येऊन खुर्चीवर बसल्या होत्या.

“साडेपंचवीस,” गिताबाई म्हणाल्या.

करुणानं बॅगेतून स्वतःचे बूट काढले, स्वेटर काढला. साडेचोवीस.

आता आत राहिल्या त्या गल्लीतल्या बायकांच्या जुन्या साड्यांच्या शिवलेल्या झोळ्या, औषधोपचाराचं सामान, गीतांचं पुस्तक आणि एक गोधडी. वडिलांच्या सदऱ्यांची ठिगळं घालून आईनं तीन महिने हातानं शिवलेली. करुणानं तिच्यावर हात फिरवला आणि चेन लावून टाकली.

“राहू दे, ताई,” ती पायरीवर बसली. “बसत नाही म्हणजे जायचं नसेल. हेच उत्तर असेल.”

वीस वर्षांत मी कुणाला एका वांग्यानं फसवलं नाही. त्या वेळी मात्र वाटलं, दीड किलो गिळून टाकावं.

रतनबाई उठल्या. “हौशीराम, खाली घ्या ती बॅग.” त्यांनी चेन उघडली, गोधडी ओढून काढली आणि खांद्यावर टाकली.

“आई, ती राहू दे गं.”

“मला लागती ही. दौंडला थंडी असती.”

वैशाख चालू होता. पडवीचा पत्रा तापून तडतडत होता.

“धरा आता वर.”

“पावणेतेवीस,” गिताबाईंनी वाचलं.

“बसलं ना? मग कुलूप लाव, करुणे.”

त्यांचं हो एवढंच. करुणानं त्यांच्या पदरात तोंड घातलं.

पुढच्या आठवड्यात ती गेली. गिताबाईंनी आश्रमाची गोष्ट ज्यांना ज्यांना सांगितली होती, त्यांच्या दारात जाऊन परत घेतली. जाणं खरं निघालं, दौंडही खरं निघालं. पण तेसुद्धा आठच दिवस. नवव्या दिवशी भिमामामांनी रतनबाईंना एसटीत बसवून दिलं. “भिमा जीव लावतो, पण घर माझं इथं हाय,” म्हणत रतनबाईंनी घराचं कुलूप काढलं.

आता त्या एकट्या असतात. करुणाचा फोन रविवारी उपासनेनंतर येतो. बाकीचे सहा दिवस त्या दारात खुर्ची टाकून रस्त्याकडं तोंड करून बसतात. पूर्वी गिताबाई काही विचारायला लागल्या की “भात लागंल माझा” म्हणून आत जायच्या. आता एक विचारलं की चार सांगतात. पण गिताबाई दिवसभर शेतात, नाहीतर बाजारात. इथं खिळ्याला मी, तिथं खुर्चीत त्या. मला हाक मारता येत नाही.

तुम्हाला येते. आमच्या गल्लीतून जात असाल तर नुसते जाऊ नका. काय केलंय जेवायला, लेकीचा फोन आला का, पाय कसा आहे, काहीही विचारा. नसत्या चौकश्या करतो म्हणून कुणी नाक मुरडलं तर मुरडू द्या. रतनबाई नाही मुरडणार.