घोड्याचं नाव

त्या सिनेमात घोड्याचं नाव होतं. सिनेमा संपला की पाट्या वर सरकतात ना, त्यात आधी गोरे नटनट्या, मग दिग्दर्शक, कॅमेरावाले, कपडेपटवाले, मग ‘मिडनाइट, काळा घोडा’, आणि सगळ्यात खाली, मुंग्यांएवढ्या अक्षरांत, ‘आणि कुरणावरचे काळे लोक’.

लॉर्नाची आई त्या मुंग्यांमध्ये होती. तेव्हा ती सतरा वर्षांची, गुरांच्या कुरणावर मालकांच्या घरी कपडे धुणारी पोर. सिडनीहून सिनेमावाले आले आणि त्यांनी तिला मोलकरणीचं काम दिलं. म्हणजे धुणं टाकून चहाचा ट्रे उचलायचा, एवढाच फरक. मिशनच्या शाळेत इंग्रजी तिच्याकडून घोटून घेतलेलं होतं. तिने पहिलं वाक्य म्हटलं आणि दिग्दर्शक वैतागला. “अगं, तू तर बाईसाहेबांपेक्षा शुद्ध बोलतेस! मोडकंतोडकं बोल. तुझ्या लोकांसारखं.” तिच्या लोकांपैकी तसं कोणी बोलत नव्हतं, पण ती बोलली. शेवटी बाईसाहेबांवर झाडलेली गोळी तिने आपल्या छातीवर घ्यायची आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून मरायचं, असं होतं. मागे उभा असलेला घोडा काही केल्या स्वस्थ राहीना, म्हणून ती दुपारभर मरत राहिली.

“मेले मी, आणि नाव झालं घोड्याचं,” असं ती जन्मभर सांगायची आणि खो खो हसायची. ऐकणारेही हसायचे. हा विनोद नाही, हे एकट्या लॉर्नाला ठाऊक होतं.

गेल्या वर्षी राजधानीतून जुने सिनेमे जपणाऱ्या एका संस्थेची माणसं आली. सिनेमा धुऊनपुसून पुन्हा दाखवणार होते, आणि या वेळी काळ्या लोकांचीही नावं लावणार होते, एकेकाचं, मोठ्या अक्षरांत. म्हातारी नवा फ्रॉक घालून कॅमेऱ्यासमोर बसली आणि तिने आपलं नाव एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. “नीट लिहा हो,” तिने बजावलं. “मिशनच्या बाईने चुकीचं लिहिलं होतं, ते इतकी वर्षं निस्तरतेय मी.”

पुढे हिवाळ्यात तिची मूत्रपिंडं थकली. इस्पितळात तिने लॉर्नाचं मनगट धरलं. “मी गेले की तुम्ही माझं नाव गिळून बसाल. बसा, रीतच आहे ती. पण पडद्यावर राहू दे. मामाला पटव. दे वचन.” लॉर्नाने वचन दिलं.

तिचं नाव इथेही लिहिणार नाही. या लाल मातीच्या मुलखात मेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत. कुटुंबाने पुन्हा मोकळं करेपर्यंत, दोन वर्षं म्हणा, पाच म्हणा, ते नाव कोणाच्या तोंडी यायचं नाही. त्याच नावाचा जिवंत माणूस असला तर त्यालाही ते सोडावं लागतं. त्या रिकाम्या जागी एकच शब्द बसवतात, कुमन्जाय. बाई असो, बुवा असो, गेला की कुमन्जाय. गावच्या पोलिसापासून पावाच्या दुकानदारापर्यंत सगळ्यांना हे कळतं. लॉर्नाचा जन्म याच गावातला. हे न कळणारा माणूस तिने पाहिलाच नव्हता, आणि तिथेच तिचा घात झाला.

आई गेली. लॉर्नाने केस कापले, कपाळाला पांढरी माती फासली आणि गावाबाहेर सुतकाच्या छावणीत मावश्यांबरोबर बसली. आईचा थोरला भाऊ क्लॅरी तिथे झाडाखाली बसून असे. एका सकाळी हिंमत करून ती त्याच्यासमोर जाऊन बसली.

“मामा, सिनेमातली तिची पाटी राहू द्या.”

“डोकं फिरलंय का तुझं?”

“तिनेच मागितलंय. मी वचन दिलंय.”

“मेली तरी हट्ट सोडत नाही ही बाई.” क्लॅरीने काठीने मातीत बऱ्याच रेघोट्या मारल्या. “चित्र दाखवा. लिहिलेलं नावही चालेल. पण कोणी मोठ्याने वाचलं, तर मी उठून चालता होईन. आणि तू माझी भाची नाहीस.”

लॉर्नाला रडूच फुटलं. आईसाठी आयुष्यात एक गोष्ट तरी जमली, असं तिला वाटलं.

त्याच आठवड्यात फोन वाजला. संस्थेतला टोबी नावाचा नवा मुलगा होता, बोलणं अगदी लोण्यासारखं. “आंटी, ऐकून फार वाईट वाटलं. आता आईंचा उल्लेख कसा करायचा? कुटुंबाच्या इच्छेबाहेर आम्हाला काही करायचं नाहीये.”

मागे मावश्यांचा आक्रोश चालला होता. लॉर्नाने दुसऱ्या कानावर हात दाबला. “आता कुमन्जाय म्हणायचं.”

“कुमन्जाय. अक्षरं सांगता का?” तिने सांगितली. “आणि हे सगळीकडेच ना, आंटी?”

“सगळीकडेच. सगळे तसंच म्हणतात.”

“तुमचे फार आभार.”

इतक्या वर्षांत एक तरी गोरा आधी विचारून मग बोलतोय, असं म्हणत तिने कौतुकाने फोन ठेवला. तोंडाने काय म्हणायचं ते तिने सांगितलं होतं. पडद्यावरचं नाव तर आईने स्वतःच कॅमेऱ्यासमोर एकेक अक्षर करून सांगून ठेवलं होतं.

काही आठवड्यांनी फुटबॉलच्या मैदानात दिवस मावळताना पडदा उभा राहिला. सगळं गाव खुर्च्या, घोंगड्या, कुत्री घेऊन आलं. सिनेमाची नायिका ऑड्री पेल्हम सिडनीहून विमानाने आली होती, नव्वदीला टेकलेली, चाकाच्या खुर्चीत. आधी पडद्यावर इशारा आला: यात मृत व्यक्तींची चित्रं आणि आवाज आहेत, आदिवासी प्रेक्षकांनी जपून पाहावं. क्लॅरीमामा हुंकारला. “शिकले म्हणायचे बापडे.”

मग सतरा वर्षांची आई ट्रे घेऊन आली. मावश्यांनी तोंडात पदर कोंबावा तसे स्वेटरचे बोळे कोंबले. आई मोडकंतोडकं बोलली, बाईसाहेबांसमोर वाकली, गोळी खाऊन पडली. घोडा मागे शांत उभा होता. लॉर्ना हे सगळं पाहत नव्हतीच. ती पाट्यांची वाट पाहत होती.

पाट्या आल्या. ऑड्री पेल्हम. दिग्दर्शक. मिडनाइट, काळा घोडा. आणि मग नवी पाटी, मोठी, पांढरी, स्वच्छ:

मोलकरीण: कुमन्जाय.

गोऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. घोंगड्यांवरून एकही टाळी आली नाही. मामा पडद्याकडेच पाहत म्हणाला, “मी परवानगी दिली होती, लॉर्ना.” एवढंच.

टोबी हसतमुखाने धावत आला. “बघितलंत ना, आंटी? आधी दुसरं नाव होतं तिथे. तुमच्या फोननंतर मी स्वतः काढलं.”

“परत लाव.”

“आता? प्रती बाहेर गेल्या, आंटी. परदेशातसुद्धा.” त्याचा चेहरा पडला. “पण... तुम्हीच तर म्हणालात, सगळीकडे.”

ती म्हणालीच होती. तिच्याच तोंडाने तिने आईला पडद्यावरून पुसलं होतं, आणि कोणाला शिवी द्यावी तर समोर हा सभ्य मुलगा उभा. लॉर्नाला त्या क्षणी मरून जावंसं वाटलं.

तेवढ्यात ऑड्रीची खुर्ची जवळ आली. म्हातारीने लॉर्नाचे दोन्ही हात धरले. तिचे डोळे खरोखरच भरलेले होते. “तू तिची मुलगी ना? आज इतक्या वर्षांनी मला तिचं नाव कळलं बघ. आम्ही सगळे ‘ए पोरी’च म्हणायचो. कुमन्जाय! किती गोड आहे गं. अर्थ काय त्याचा?”

लॉर्नाने तोंड उघडलं. आईचं खरं नाव जिभेच्या टोकावर आलं. कपाळाला पांढरी माती फासलेल्या मावश्या तिच्याकडे पाहत होत्या. मामा काठी टेकून अर्धा उठला होता.

“बिननावाची,” लॉर्ना म्हणाली.

“अगबाई, किती सुंदर!” ऑड्रीने तिचे हात थोपटले आणि टोबीकडे वळली. “आणि मिडनाइट पाहिलास ना रे? काय गुणी जनावर होतं. त्याचं नाव मात्र मी एक दिवस विसरले नाही.”